लोकलमधला ‘टाइट’ माणूस: दादर ते ठाणे एका डब्यात काय काय घडलं

पार्श्वभूमी

मी डायबेटीसच्या पेशंट्सना आणि त्यांच्या घरच्यांना समुपदेशन करते, म्हणजे गोळी कधी घ्यायची, जेवण कधी, शुगर एकदम खाली गेली तर काय करायचं हे नीट समजावून सांगायचं काम. त्यातूनच हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. ज्यांच्यावर वेळ आली ते काका, त्यांची बायको, मुलगी, त्या दिवशी डब्यात असलेला डिप्लोमाचा एक विद्यार्थी आणि त्याच डब्यात रोज जाणाऱ्या ग्रुपमधले एक गृहस्थ, एवढ्यांशी वेगवेगळं बोलून हे लिहिलंय. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत, पण काय आधी झालं नि काय नंतर हे जसंच्या तसं ठेवलंय, कारण या प्रकरणात क्रमच महत्त्वाचा आहे.

काका पन्नाशी ओलांडलेले, कल्याणला राहतात, दादरजवळ एका स्क्रीन प्रिंटिंगच्या युनिटमध्ये कामाला. दिवसभर शाई आणि थिनरशी काम, त्यामुळे हात कितीही धुतले तरी शर्टाला तो वास राहतोच, घरच्यांना तर आता तो जाणवतही नाही. बरीच वर्षं टाइप टू डायबेटीस आहे. सकाळी नाश्त्याआधी एक गोळी, त्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड असं दोन्ही. आता यातलं मेटफॉर्मिन एकटं असतं तर शुगर सहसा फार खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवा नाहीतर जेवू नका, त्या गोळीला त्याचं काही देणंघेणं नसतं. म्हणून ही गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो.

त्या दिवशी संकष्टी होती. काका संकष्टी कधी चुकवत नाहीत, चंद्रोदय होईपर्यंत उपास. सकाळी गोळी नेहमीप्रमाणे घेतली, दुपारी एक केळं आणि चहा, ऑर्डर अर्जंट होती म्हणून संध्याकाळपर्यंत उभ्याने काम. चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास, तोवर घरी पोचू, हा त्यांचा हिशोब.

डब्यात काय झालं

दादरला संध्याकाळी सातच्या पुढची कल्याण फास्ट, डिसेंबरचा महिना, सेकंड क्लासचा जनरल डबा. ज्यांनी ही गाडी पकडलीय त्यांना सांगायला नको. रेल्वेच्या भाषेत याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. एवढ्या जागेत माणूस समोरच्याला माणूस म्हणून बघतच नाही, कोपर, बॅग, घाम, पाय एवढंच कळतं.

काका चढले तेच धडपडत. एकाच्या पायावर पाय पडला, तो ओरडला, काकांनी सॉरी वगैरे काहीच म्हटलं नाही, उलट त्याच्याकडे नुसतं बघत राहिले. पहिली ठिणगी इथे पडली. मग आत सरकताना ते दोनदा लोकांच्या अंगावर गेले. कुर्ला गेल्यावर फोर्थ सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकाच्या कडेला चौथा दाटीवाटीने बसतो त्या जागेवर, बसलेल्या माणसाला त्यांनी “उठ” असं म्हटलं, अरेतुरे करून, आणि ते शब्दही धड फुटत नव्हते. त्यांची बायको मला म्हणाली की हे आयुष्यात कधी कोणाशी अरेतुरे बोलले नाहीत, अगदी युनिटमधल्या पोरांनाही अहोजाहो करतात. पण हे डब्यात कोणाला माहीत असणार.

कोणीतरी म्हणालं, “टाइट आहे रे हा.” आणि दुसरा म्हणाला, “वास बघ ना कसला येतोय.”

वास थिनरचा होता.

त्यानंतर काका स्वतःच्या पँटच्या खिशात सारखा हात घालायला लागले. गर्दीत हात कुठे जातोय ते त्यांना कळत नव्हतं, एकदा तो शेजारच्याच्या बॅगेच्या चेनवर गेला. आता ‘बेवडा’ होता तो ‘पाकीटमार’ झाला, म्हणजे बेवड्याचं सोंग घेतलेला पाकीटमार. घाटकोपर यायच्या जरा आधी त्यांना एकाने कानाखाली मारली. कोणी मारली हे कोणीच सांगत नाही, ग्रुपमधले गृहस्थही “गर्दीत दिसलं नाही” एवढंच म्हणाले. एका मुलाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

काका खिशात काय शोधत होते? लिमलेटच्या गोळ्या. दवाखान्यात त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की चक्कर आल्यासारखं झालं तर गोड तोंडात टाका, ते त्यांच्या डोक्यात कुठेतरी शिल्लक होतं, बाकी सगळं पुसलं गेलं तरी. विद्यार्थ्याने नेमकं तेच बघितलं. तो पोरगा दोन माणसं सोडून उभा होता. त्याने मला जे सांगितलं ते मी त्याच्याच क्रमाने देते: काकांच्या हातात एक केशरी गोळी आली, तिचा प्लास्टिकचा कागद त्यांना सोडवता येईना, बोटं थरथरत होती, त्यांनी कागदासकट तोंडात घालायचा प्रयत्न केला, मग गोळी खाली पडली. आणि त्यांच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती. ते पंख्याखाली होते, दारातून थंड हवा येत होती, बाकी कोणाचा शर्ट एवढा ओला नव्हता.

एक मत झालं की पुढे काय होतं

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुर्ल्यानंतर जे जे झालं ते प्रत्येक लक्षण दोन्हीकडे वाचता आलं असतं. तोल जाणं, शब्द अडखळणं, विनाकारण चिडणं, डोळे एका जागी न ठरणं, हे दारूचंही असतं आणि शुगर खाली गेल्याचंही असतं. मेंदूला चालायला प्रामुख्याने ग्लुकोजच लागतं, आणि शरीर एकूण जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली साधारण 20 टक्के एकटा मेंदू खातो. ग्लुकोज 70 च्या खाली गेलं की शरीर आधी घाम, थरथर, धडधड असं सगळं करून इशारे देतं, आणि 54 च्या खाली गेलं की मेंदूचंच काम बिघडायला लागतं, माणूस गोंधळतो, हट्ट करतो, मारायलाही उठतो. मदत करणाऱ्याचा हात झटकून टाकणारे पेशंट मी स्वतः बघितलेत. म्हणजे ज्या वेळी माणसाने नम्रपणे मदत मागावी असं आपल्याला वाटतं, नेमकं त्याच वेळी त्याला ते जमत नाही.

पण ‘टाइट आहे’ हा शब्द एकदा डब्यात फिरला की पुढचं सगळं त्याच खात्यात जमा होत गेलं. घाम आला, दारूमुळे. हात थरथरले, दारूमुळे. गोळी तोंडात टाकायला गेला, वास लपवायला. ग्रुपमधले गृहस्थ फार प्रामाणिकपणे बोलले, म्हणाले, “मॅडम, आम्ही काय निर्दयी नाही हो, आमच्या ग्रुपने किती जणांना बसायला जागा दिलीय, पण दारुड्याला कोण देणार?” मला वाटतं या एका वाक्यात अख्खं प्रकरण आहे.

न्यूयॉर्कच्या सबवेत याच्यावर एक प्रयोग झाला होता, पिलियाव्हिन आणि सहकाऱ्यांचा, 1969 साली छापून आलेला. मधे कुठे न थांबता साधारण साडेसात मिनिटं गाडी धावते अशा टप्प्यात एक माणूस डब्यात मुद्दाम कोसळायचा. कधी त्याच्या हातात काठी असायची, तर कधी अंगाला दारूचा वास आणि कागदी पिशवीत गुंडाळलेली बाटली. काठीवाल्याला 65 पैकी 62 वेळा लोक आपणहून मदतीला धावले. दारूवाल्याला 38 पैकी 19 वेळा. तशीच गाडी, पडण्याची तऱ्हा तीच, फरक फक्त काठी की बाटली एवढाच. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की दारुड्याला मदत करण्यात त्रासाची, घाणीची, मारामारीची भीती जास्त वाटते आणि शिवाय ‘याने हे स्वतःच ओढवून घेतलंय’ असंही वाटतं. मला या आकड्यातली दुसरी बाजूही तितकीच दिसते, की दारूचा वास येत असूनही निम्म्या वेळा कोणीतरी उठलंच.

आपल्या डब्यात उठायलाही जागा नव्हती हे खरं. आणि दिवसभर राबून, दोन गाड्या सोडून तिसरीत घुसलेल्या माणसाकडून किती अपेक्षा करायची हाही प्रश्न आहे, मी तो उडवून लावत नाही. दमलेलं डोकं शॉर्टकट घेतं. फक्त त्या शॉर्टकटने एक आजारी माणूस दाराच्या दिशेने ढकलला जात होता.

समोर काय पर्याय होते

घाटकोपर जवळ आलं तेव्हा डब्यात जोरात चर्चा सुरू झाली होती. चारपाच सूचना आल्या, त्या कशा तोलल्या गेल्या ते दोघांच्या सांगण्यावरून मांडते.

पहिली सूचना, याला दारात उभा करा, हवा लागली की उतरेल. ही सगळ्यात धोकादायक. ज्याचा तोल जातोय, ज्याला हँडल धरायचंही भान नाही त्याला धावत्या फास्ट लोकलच्या उघड्या दारात उभं करणं म्हणजे काय हे जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ दारातून माणसं पडून गेली त्यानंतर तरी वेगळं सांगायला नको. तरी दोघं त्यांना दाराकडे सरकवायला लागले होते, आणि त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, दारू उतरवायचा घरगुती उपाय म्हणूनच.

दुसरी, घाटकोपरला उतरवून टाका. उतरवून ‘टाका’, कोणाच्या ताब्यात द्या असं नाही. संध्याकाळच्या घाटकोपर प्लॅटफॉर्मवर, जिथे मेट्रोचीही गर्दी येऊन मिळते, हा माणूस एकटा कडेला उभा राहिला असता तर काय झालं असतं याचा विचार कोणी केला नव्हता.

तिसरी, पोलिसांना द्या. रेल्वे कायद्यात दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला गाडीतून उतरवण्याची तरतूद आहे, कलम 145, पण ते काम रेल्वे कर्मचाऱ्याचं, प्रवाशांचं नाही. खरं तर ही सूचना त्यातल्या त्यात बरी होती, कारण निदान कोणाच्या तरी हातात माणूस गेला असता, पण ती देणाऱ्याने फोन काढला नाही, म्हणजे नुसता ‘द्या’ असा हुकूम.

चौथी, चेन ओढा. ही विद्यार्थ्याच्या मनात आली होती पण तो बोलला नाही. विनाकारण चेन ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे स्टिकर रोज वाचून त्याच्या डोक्यात बसलेलं. जीव धोक्यात असणं हे विनाकारण नाही हे त्याला माहीत होतं, पण त्याने वेगळाच विचार केला आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला: दोन स्टेशनांच्या मधे गाडी थांबली तर ना डॉक्टर मिळेल ना अँब्युलन्स, उलट लोक आणखी भडकतील आणि राग याच माणसावर निघेल. गाडी चालू राहिली तर निदान ठाणे लवकर येईल.

पाचवा पर्याय म्हणजे गप्प बसणं, आणि डब्यातल्या बहुतेकांनी तोच घेतला होता.

प्रत्यक्षात काय केलं

विद्यार्थ्याच्या आजीला डायबेटीस होता, तिला असंच घामाने चिंब होऊन भलतंसलतं बोलताना त्याने लहानपणी बघितलं होतं. तरीही तो पहिल्यांदा गप्प राहिला. का, विचारलं तर म्हणाला, “ताई, मला वाटलं मी बोललो तर माझ्यावर येतील, आणि खरंच दारू प्यायलेला असला तर?” ही भीती समजण्यासारखी आहे. मग त्याने काय केलं बघा. तो ‘हे दारू प्यायलेले नाहीत’ असं म्हणाला नाही. डब्याचं मत खोडायला गेलाच नाही. तो काकांच्या जवळ सरकला, दंडाला हात लावला आणि मोठ्याने विचारलं, “काका, जेवलात का? शुगर आहे का तुम्हाला?”

काकांनी पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, “संकष्टी.”

बस, एवढ्या एका शब्दावर डबा फिरला. संकष्टी म्हटल्यावर ग्रुपमधल्या दोघांचा स्वतःचाच उपास होता. ज्या गृहस्थांशी मी बोलले त्यांनी लगेच “अरे उपाशी आहेत ते, बसवा” असं ओरडून फोर्थ सीट रिकामी करायला लावली. पाच मिनिटांपूर्वी याच सीटवरून भांडण झालं होतं. (मला इथे एक गोष्ट खुपते, ती म्हणजे हा शब्द जर त्यांच्या ओळखीचा नसता, काका दुसऱ्या धर्माचे किंवा दुसऱ्या प्रांतातले असते आणि त्यांनी त्यांच्या उपासाचं नाव घेतलं असतं, तर डबा इतक्या पटकन फिरला असता का? उत्तर द्यायची माझी हिंमत नाही, पण प्रश्न बाजूलाही टाकता येत नाही.)

आता गोड कुठून आणायचं. एकाकडे पेढ्यांचा बॉक्स होता, तो पुढे केला. विद्यार्थ्याने आधी काही पातळ बघा म्हटलं, तेही बरोबरच, कारण पेढ्यातल्या खव्याच्या फॅटमुळे साखर रक्तात चढायला वेळ लागतो. शेवटी शेजारच्या लेडीज डब्याच्या जाळीशी जाऊन एकाने हाक मारली, “ताई, कोणाकडे ज्यूस वगैरे आहे का, पेशंट आहे.” पलीकडून एका बाईने मुलासाठी घेतलेली छोटी फ्रुटी जाळीतून सरकवली. विद्यार्थ्याने स्ट्रॉ काकांच्या ओठाला लावला, आधी एकच घोट घ्यायला लावला, गिळताना ठसका लागत नाही ना बघितलं, मग बाकीची. थोडी शर्टावर सांडली, बरीचशी पोटात गेली. तोवर गृहस्थांनी रेल्वेच्या हेल्पलाइनला, 139 ला फोन करून कितवा डबा, कुठली गाडी, ठाण्याला पेशंट उतरवतोय हे सांगितलं.

ठाण्याला तिघं त्यांच्यासोबत उतरले. यातला एक डोंबिवलीचा होता, त्याची गाडी गेली. स्टेशनवरच्या वैद्यकीय कक्षात शुगर तपासली, फ्रुटी पोटात जाऊनही 58. ग्लुकोज पावडर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तर 90 च्या वर. काकांनी तेव्हा पहिलं नीट वाक्य बोललं, ते म्हणजे “माझा डबा कुठाय?” जेवणाचा डबा, तो पायाशीच होता.

पुढे काय झालं

शुगर वर आली म्हणून त्यांना तसंच घरी पाठवलं नाही, हा त्या डॉक्टरांचा निर्णय फार चांगला होता. ग्लिमेपिराइडचा असर बरेच तास राहतो, वर आलेली शुगर पुन्हा घसरू शकते, म्हणून खायला घालून रात्रभर जवळच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. पहाटे एकदा ती पुन्हा खाली गेलीच. घरी झोपेत गेली असती तर कळलंही नसतं.

नंतर त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, उपासाच्या दिवशी काय करायचं ते वेगळं लिहून दिलं. लिमलेट आता वरच्या खिशात असते, कागद काढून छोट्या डबीत.

पण काकांना सगळ्यात जास्त लागलं ते कानाखालची नाही, ती तर त्यांना आठवतही नाही. लागला तो व्हिडिओ. घाटकोपरच्या आधीचं ते शूटिंग, ‘लोकलमधला बेवडा’ म्हणून प्रवाशांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं, तिथून युनिटमधल्या कोणाच्या तरी मोबाइलवर. ‘संकष्टी’ या शब्दापर्यंत तो पोचत नाही, फ्रुटीपर्यंत जात नाही, मधेच चाळीसेक सेकंदात संपतो. मुलीने त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला हॉस्पिटलचे कागद पाठवून तो काढायला लावला, त्याने काढला, माफीही मागितली. पण पुढे कुठे कुठे फॉरवर्ड झाला ते कोणाच्याच हातात नाही. मालकाने त्यांना बोलावून विचारलं, कागद बघितल्यावर विषय मिटला, तरी “आजकाल लोक माझ्या तोंडाचा वास घेतल्यासारखं जवळ येऊन बोलतात” असं काका म्हणाले.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्या प्रवाशांनी हायपोग्लायसेमिया, म्हणजे शुगर फार खाली जाणं, ओळखायला शिकावं अशी माझी अपेक्षा नाही. विद्यार्थ्याला ते माहीत होतं हा योगायोग होता. पण त्याने केलं त्यातलं बरंचसं माहिती नसतानाही करता येतं, म्हणजे मत बाजूला ठेवून माणसाला थेट एक साधा प्रश्न विचारणं. जेवलात का, कुठे उतरायचंय, घरी कोणाला फोन लावू. दारू प्यायलेलाही याची काहीतरी उत्तरं देतो आणि आजारी असलेलाही, पण उत्तराच्या निमित्ताने तुम्ही त्याच्याकडे नीट बघता. तो प्रश्न कुर्ल्यालाच आला असता तर कानाखालीही बसली नसती आणि व्हिडिओही झाला नसता.

शुद्धीत असलेल्या आणि गिळता येणाऱ्या माणसाला अर्धा कप ज्यूस किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून दिल्याने सहसा काही बिघडत नाही, दारू असली तरी नाही. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 139 किंवा रेल्वे पोलिसांचा 1512 लावायचा.

आणि मला सगळ्यात जास्त भांडायचंय ते यावर: समजा, ते खरोखर प्यायलेले असते तर? तर त्यांना दारात उभं करणं, कानाखाली मारणं, भर गर्दीत घाटकोपरला सोडून देणं हे बरोबर ठरलं असतं का? काकांच्या बाजूने बोलणारे सगळे, त्यांच्या घरचेही, “ते प्यायले नव्हते” यावर भर देतात आणि मला ते समजतं, पण मग उद्या खरा प्यायलेला माणूस त्याच दाराशी उभा केला जाईल. तोल जाणाऱ्याला आत घ्यायचं, दारापासून लांब, भिंतीशी किंवा खाली बसवायचं, यासाठी तो का झिंगलाय हे कळायची गरजच नाही.

काकांच्या बाजूने काय करता येईल यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी पासच्या कव्हरमध्ये एक कार्ड ठेवायला सांगितलं, ‘मला डायबेटीस आहे, मी गोंधळलेला दिसलो तर गोड द्या’ आणि मुलीचा नंबर. ते त्यांनी ठेवलंय. पण पासच्या कव्हरमधलं कार्ड त्या गर्दीत कोण काढून वाचणार, म्हणून मनगटावर दिसेल असा बँड घाला असं मुलगी म्हणते. काका तयार नाहीत. सगळ्या गाडीला माझा आजार कशाला दाखवू, असं त्यांचं म्हणणं. मुलगी म्हणते, त्यापेक्षा बेवडा म्हणून दिसणं बरं का? पुढच्या व्हिजिटला तिघांना समोरासमोर बसवून हे बोलायचं ठरलंय.